बंद रंगवलेलं दार

३ फेब्रुवारी

लिहायचं, लिहायचं म्हणत ही वही घेऊन ठेवली आणि जानेवारी सगळा तसाच गेला. पहिल्या पानावर नाव लिहिलं, मग नावातल्या शेवटच्या अक्षराला शेपटी काढली, शेपटीला मांजर जोडलं, मांजराला बसायला खिडकी काढली, आणि पान भरलं. दुसऱ्या दिवशी पेन सापडेना. पेन सापडलं तर वही सापडेना. आज आत्याला ती रंगाच्या बाटल्यांखाली सापडली. म्हणाली, "ही वही लिहायला घेतलीस की टेबल पुसायला?"

रोज काय बघितलं ते लिहून काढ, हे तिचंच म्हणणं. "तुझं बघणं चांगलं आहे, पण एका डोळ्यातून आत जातं नि दुसऱ्यातून बाहेर."

तर लिहिते. शाळा मी नववीत सोडली, म्हणजे शाळेनं आणि मी एकमेकींना सोडलं. मग बेकरीत राहिले, बंदरावर तिकिटं फाडली, एका फुगेवाल्याच्या कुटुंबाबरोबर गावोगाव हिंडले. बाबा म्हणतात, हिचं बूड कुठं टेकत नाही, पायाला भिंगरी आहे. तेव्हापासून माझं नावच भिंगरी पडलं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मला त्यांच्या बहिणीकडे धाडलं. आत्या इथं स्टुडिओत बॅकग्राउंड रंगवते. सगळा सिनेमा हातानं काढलेला, एकेक चित्र कागदावर. त्याला कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं समजावलं होतं. जे हलतं ते वरच्या मजल्याचं, जे हलत नाही ते आपलं. वर अ‍ॅनिमेटर बसतात. ते माणसं काढतात, एकेका पावलाची ढीगभर चित्रं, आणि ती पारदर्शक शीटवर उतरवतात. आम्ही खाली खोली, भिंत, रस्ता, आभाळ रंगवतो. मग आमच्या चित्रावर त्यांची शीट ठेवून कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, शीट बदलायची, परत फोटो. असं करत करत आमच्या खोलीत त्यांचं माणूस चालायला लागतं.

माझं काम म्हणजे ब्रश धुणं, कागद भिजवून फळीवर ताणून बसवणं, आणि आत्यानं सांगितलं की गप्प बसणं. तिसरं अजून जमत नाही.

८ फेब्रुवारी

आज साबण रंगवला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत फक्त साबण. न्हाणीघराचं चित्र, त्यात कट्ट्यावर एक वडी. मी छान गुळगुळीत वडी काढली. आत्या बघून म्हणाली, "हा दुकानातला साबण झाला. या घरात राहतं कोण?"

"मुलगी आणि तिची आई."

"मग तो दोघींनी वापरलाय. खाली पाणी साचून मऊ पडलाय. मुलगी घाईची आहे, ती कसाही टाकते. तिची बोटं रुतलेली दिसू देत."

तिचं म्हणणं, आपल्याला चित्रात बोलता येत नाही, म्हणून वस्तूंनी चुगल्या करायच्या. खुर्ची भिंतीला टेकून टेकून भिंतीवर डाग पडतो. आई जिथं उभी राहून भांडी घासते तिथली फरशी फिकी होते. हे सगळं करायचं, पण चित्राच्या कडेनं. मध्ये गर्दी करायची नाही. "तिथं पोरगी येऊन उभी राहणार आहे. तिला जागा नको का?"

सिनेमाची गोष्ट एवढीशी आहे. आठ वर्षांची मुलगी आईशी भांडून घरातून निघून जाते, दिवसभर शहर हिंडते, आणि संध्याकाळी परत येते. मी म्हटलं, हे तर माझंच झालं, फक्त परत येणं सोडून. आत्या म्हणाली, "ते येईल. तू अजून दुपारीच आहेस."

१४ फेब्रुवारी

उशीर झाला. रस्त्यात एक क्रेन कुठल्याशा इमारतीवर पाण्याची टाकी चढवत होती, ती बघत उभी राहिले. टाकी वर पोचली तर खालचे सगळे उगाच वर हात करून उभे, जणू त्यांनीच उचलली. हे आत्याला सांगितलं तर रागवायचं विसरून तिनं विचारलं, सावली कुठं पडली होती. मी ते बघितलंच नव्हतं.

खोडरबर आज इस्त्रीचा शर्ट घालून आला. खोडरबर म्हणजे वरचा अ‍ॅनिमेटर. काढतो त्याच्या दुप्पट खोडतो म्हणून ते नाव. सिनेमातली मुलगी तोच काढतो, फक्त तोच. मी म्हटलं, "काय रे, मुलगी बघायला चाललास का?" तर कानापर्यंत लाल झाला. दुपारी गायब होता. नक्की कोणीतरी आहे.

कॅमेऱ्याच्या खोलीला कुलूप आहे. मला कॅमेरा बघायचा होता. आत्या म्हणाली, धूळ जाते. मग ब्रश धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. धुतलेलेच ब्रश परत धूत होती.

२० फेब्रुवारी

दिग्दर्शक आज एका माणसाला घेऊन आले. दिग्दर्शकांना सगळे मागून 'उद्या' म्हणतात. शीट कधी येणार, उद्या. पंखा कधी दुरुस्त होणार, उद्या. माणूस मनाचा मऊ आहे, कोणाला नाही म्हणवत नाही, म्हणून उद्या म्हणतो. त्यांच्याबरोबरच्या माणसानं टेप लावून खिडक्या मोजल्या, मग भिंती. मी आत्याला म्हटलं, पडदे येणार वाटतं. खरंच हवेत, दुपारी ऊन थेट चित्रावर येतं.

आत्या म्हणाली, "भिंगरे, तो निळा जरा जास्त कालव."

वरच्या मजल्यावर गेले तर टेबलं भिंतीला लावून ठेवलेली. खोडरबर एकटाच मध्ये बसलेला, बेटावर बसल्यासारखा. बाकीचे कुठं, विचारलं. म्हणाला, "भिंती रंगवायच्यात." मग भिंतीकडे बघून म्हणाला, "केव्हातरी."

२७ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहायचंय, मध्ये मांजर काढायचं नाही.

सिनेमातलं सगळ्यात लांब चित्र आत्यानं मला दिलं. शेवटचं. मुलगी गल्लीतून घराकडे येते ते. कॅमेरा तिच्याबरोबर सरकत जातो म्हणून चित्र टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. आधी भिंत, मग दुकानाचं बंद शटर, दिव्याचा खांब, आणि शेवटी घर, घराचं दार. मी म्हटलं, हे तू कर. ती म्हणाली, "गल्ली तुझ्या पायाखालची आहे. मी इतकी कुठं हिंडलेय?"

पेन्सिलीत काढलेला आराखडा तिनं माझ्यापुढं अंथरला. याला लेआउट म्हणतात. त्यावरून रंगवायचं. दाराच्या जागी कागद जरा गुलाबी आणि खरखरीत झालेला. मी हातानं झटकलं तर खोडरबराचे कण पडले. माझ्याच ओल्या हातानं काहीतरी फिसकटलं की काय म्हणून तशीच कामाला लागले.

७ मार्च

लिहायला वेळ नाही. बोटांना रंग लागलेला निघत नाही. संध्याकाळ करणं अवघड आहे. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणजे आत्ता दिसतंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आत्या काळा वापरू देत नाही. "काळा म्हणजे कंटाळा," म्हणते. निळा आणि तपकिरी मिसळून सावली करायची.

दार आज झालं. जुनं हिरवं, मुलीच्या हाताच्या उंचीवर रंग झिजलेला, आईच्या हाताच्या उंचीवर कडी चकाकणारी. खाली मांजरानं ओरबाडलेलं. मांजर सिनेमात नाही, पण असू दे. मी आयुष्यात केलेली ही पहिली पुरी गोष्ट. बेकरीत पाव सुद्धा अर्धेच भाजायची.

आत्या दारापुढं बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "घर झालं गं."

१० मार्च

मेले.

खोडरबर खाली आला होता, खोकं घेऊन. सुट्टीवर चाललाय म्हणाला. खोक्यात त्याच्या पेन्सिली, चहाचा मग, आणि टेबलावरचा दिवा. सुट्टीत दिवा कशाला, विचारणार होते, पण त्याला माझं चित्र दाखवायची घाई होती. त्यानं सगळी गल्ली चालून बघितली, म्हणजे बोटांनी. दोन बोटं पायांसारखी टाकत भिंतीवरून, शटरवरून, खांबापाशी जरा थांबून, दारापर्यंत. तिथं बोटं उभी राहिली.

"दार बंद आहे," तो म्हणाला.

"मग? उघडेल की."

"कसं उघडेल? रंगवलंयस तू."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जे हलतं ते वरचं, जे हलत नाही ते आपलं. दार हलतं. दार त्यांच्या शीटवर असायला हवं होतं आणि माझ्या चित्रात त्या जागी घरातला अंधार. लेआउटवर हलणाऱ्या वस्तूभोवती तांबडी रेघ असते, हे मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी दाराची फळीसुद्धा भिंतीसारखी पक्की करून टाकली. आता मुलगी अख्खी गल्ली चालून येणार आणि भिंतीवर डोकं आपटणार.

खोडरबरला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. तो माझ्याकडे असं बघत होता की मला वाटलं आता हसेल. हसला नाही. "बरं केलंस," म्हणाला. टोमणा मारायला माणसाला वेळकाळ नसतो. खोकं उचलून गेला, डोक्यावर हात ठेवून. माझ्या डोक्यावर.

१२ मार्च

रद्दी कागदावर ब्लेडनं दार कापून बघितलं. कड फाटते. वरून रंग चढवून बघितला, हिरवा खालून डोकावतो. चित्र उलटं करून भिंतीला टेकवून ठेवलंय. आत्यानं विचारलंसुद्धा नाही. तिनं आभाळं काढायला घेतलीत, एकामागून एक, नुसती आभाळं. कुठल्या सीनची, विचारलं तर म्हणाली, "लागतात."

पळून जावंसं वाटतंय. बस स्टँडपर्यंत जाऊन आले. तिथं एक बाई पिंजऱ्यातल्या पोपटाला वेळापत्रक वाचून दाखवत होती. ते ऐकत बसले आणि बस गेली.

१६ मार्च

आज आत्याला सांगितलं. ती पाणी बदलत होती. म्हटलं, "आत्या, मी दार बंद रंगवलं. तांबडी रेघ माझ्याकडून पुसली गेली असणार."

"तुझ्याकडून नाही. मी पुसली."

"असं कशाला म्हणतेस?"

"मीच पुसली. तिथं काळं भोक ठेवून घर कसं दिसलं असतं? दार कोणी करणारच नसेल तर भोक तसंच राहणार. मला ते घर एकदा पुरं बघायचं होतं."

माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतेय, हे मला कळलं. लहानपणी बाबांच्या चुकाही ती अशाच घ्यायची म्हणे. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे? तडक वर गेले, दिग्दर्शकांच्या खोलीत.

म्हटलं, "साहेब, शेवटच्या चित्रातलं दार बंद झालंय. चूक माझी आहे, आत्याची नाही. परत करून देते, सगळं पहिल्यापासून. मुलीची शीट थोडी थांबवा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. "आतून कडी लावलीस का?" म्हणाले. हसायला गेले आणि ते जमलं नाही.

"ताईंनी तुला सांगितलं नाही?"

"काय?"

"पोरगी यायची नाहीये. तिला काढणार कोण? खोडरबर शेवटचा होता, तोही मोबाइलच्या गेममधली माणसं पळवायला गेला. बरं झालं, त्याचं पोट आहे. कॅमेरा कधीच विकला. जागा महिनाअखेर सोडायची आहे."

मी म्हटलं, दुसरा कोणी अ‍ॅनिमेटर येईल की. कधीतरी येईल.

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतील, उद्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, एकदा म्हणा. त्यांनी तोंड मिटलं आणि चष्मा घातला.

१७ मार्च

आठवडाभर मी ज्या चुकीपायी जेवले नाही, ती चूक कोणाला नकोच आहे. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. चूक व्हायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं.

आत्याला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं.

"कॅमेऱ्याच्या खोलीला कुलूप लागलं तेव्हापासून. तू यायच्या आधीच."

"मग मला साबण कशाला शिकवलास दिवसभर?"

"तू आली होतीस ना. काय सांगायचं होतं, ब्रश धू आणि घरी जा?"

मग दोघी गप्प. तिसरं काम मला आज पहिल्यांदा जमलं. तरी "ती रेघ मीच पुसली" असं ती अजून म्हणते. खोटं बोलायची सवय नसली की माणूस एकच खोटं धरून बसतो.

२४ मार्च

फर्निचरच्या दुकानाचा मालक आला होता. खाटांच्या, सोफ्यांच्या वर लावायला चित्रं हवीत. सगळी मांडून दाखवली. आभाळं त्यानं लगेच घेतली, टेकडी घेतली, नदीवरचा पूल घेतला. घराच्या आतली एकही नको. स्वयंपाकघर हातात धरून म्हणाला, "छान आहे हो बाई. पण यात कोणीतरी राहतंय असं वाटतं. आत्ता येईल नि म्हणेल, माझ्या घरात काय करताय. गिऱ्हाइकाला हे नको असतं."

आत्याचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नसेल. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

माझी गल्ली त्याला आवडली, पण कुठल्या भिंतीवर मावेना. कापून देता का, म्हणाला. मी नाही म्हणायच्या आत आत्यानं पट्टी घेतली. खांब आणि घर यांच्या मधोमध सरळ रेघ मारली आणि ब्लेड फिरवलं. गल्ली त्याच्या काखेत गेली. घर राहिलं.

ती म्हणाली, "तशीही त्यात रहदारी कुठं होती." मी हसले नाही. मग हसले. मग जिन्यात जाऊन बसले.

२९ मार्च

टेम्पो आला. टेबलं गेली, फळ्या गेल्या, संध्याकाळपर्यंत खुर्च्याही गेल्या. टेबलांच्या जागी फरशी गडद दिसते आणि आत्या उभी राहायची तिथं फिकी. ते तिला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "रंगवू नकोस."

बाबांना फोन केला. म्हणाले, ये परत. आत्यालाही घेऊन ये. आत्या म्हणते, बघू. मी ओळखते ते बघू.

३० मार्च

उभ्यानं लिहितेय, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून. आत्या जमिनीवर बसून ब्रश फडक्यात गुंडाळतेय. एकेक बघते, केस झडलेत का, आणि झडलेलेही ठेवते. दिग्दर्शक किल्ली द्यायला गेलेत. आम्हीही निघणारच आहोत.

एवढं लिहिलं तेवढ्यात बेल वाजली. मला वाटलं टेम्पोवाला काही विसरला. दार उघडलं तर एक उंच मुलगी, जवळजवळ माझ्याएवढी, आणि मागं जिना चढून धापा टाकणारी तिची आई. दोघींच्या अंगावर ठेवणीतले कपडे, मुलीच्या केसांत नवी पिन. मुलीचा आवाज भारी, घोगरा. म्हणाली, "सिनेमा बघायला आलोय. साहेब मागं फोनवर म्हणाले होते, महिनाअखेरीला या, दाखवतो."

मी विचारलं, कुठला सिनेमा.

"ज्यात मी बोललेय तो. गल्लीतून घरी येते ना ती मुलगी, तिचं सगळं बोलणं माझं आहे. आवाज आधी भरून घेतात, चित्रं मागून काढतात. तेव्हा मी आठ वर्षांची होते."

आई मागून म्हणाली, "आता आवाज बदललाय, ओळखू येणार नाही. पण हीच ती." आणि माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली, रिकाम्या खोलीत, कुठं बसायचं ते.

मी त्यांना दारातच उभं केलं आणि आत आले. आत्यानं मान वर न करता विचारलं, "कोण आहे?"

मी म्हटलं, "आत्या, मुलगी आलीय."